तार पोचली, कारभारी कोण?
रायपूरच्या शाळांनी इंटरनेटशी पंचवीस वर्षं केलेल्या व्यवहाराचा ताळेबंद

देशातल्या ३३.९ टक्के शाळांत २०२१-२२ साली इंटरनेट होतं. २०२४-२५मध्ये हे प्रमाण ६३.५ टक्क्यांवर गेलं. आकडे केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस अहवालांतले आहेत. देशात चौदा लाखांहून जास्त शाळा आहेत, हे लक्षात घेतलं तर तीन वर्षांतली ही झेप लहान म्हणता येणार नाही. मात्र या टक्केवारीतून राउटर कोणाच्या कपाटात बंद आहे, रिचार्ज कोणाच्या खिशातून होतं, दुपारी वीज गेल्यावर काय होतं, हे कळत नाही. आठवीच्या भूमितीच्या तासाला त्या जोडणीचा काही उपयोग होतो का, हे तर मुळीच कळत नाही.

या प्रश्नांचा माग काढायला रायपूर सोयीचं आहे. छत्तीसगड राज्याची ही राजधानी २५ वर्षांचीच, पण शाळांपर्यंत तंत्रज्ञान नेण्याचे बहुतेक सगळे मार्ग इथे चालून पाहिलेले आहेत. मराठी माणसाला हे शहर परकंही नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इथे आलेल्या कुटुंबांची आठवण तात्यापारा वस्ती ठेवून आहे. महाराष्ट्र मंडळ १९३५पासून उभं आहे आणि संत ज्ञानेश्वरांच्या नावाने शाळाही चालवतं. बूढापारात माधवराव सप्र्यांच्या नावाची सरकारी शाळा आहे. याच सप्र्यांनी १९०० साली पेंड्रासारख्या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं होतं. लांबच्या वाचकापर्यंत ज्ञान पोचवायचं कसं, हा या भागाचा जुनाच प्रश्न.

योजना आल्या, योजना गेल्या

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं आणि लवकरच ‘चिप्स’ ही माहिती तंत्रज्ञानाची सरकारी संस्था उभी राहिली. अजित जोगींच्या सरकारने ‘इंदिरा सूचना शक्ती’ योजनेतून सरकारी हायस्कुलातल्या मुलींना मोफत संगणक शिक्षण द्यायला सुरुवात केली. घरात दूरध्वनी नसलेल्या मुलीच्या हाती शाळेत कीबोर्ड आला, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पण तिथे संगणक हा शिकायचा स्वतंत्र विषय होता. तो गणित किंवा भूगोलाच्या तासात शिरला नव्हता.

पुढे जुलै २०१८मध्ये रमणसिंह सरकारने ‘संचार क्रांती’ योजनेखाली ग्रामीण महिला आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लाखो स्मार्टफोन वाटायला घेतले. डिसेंबरात सरकार बदललं आणि वाटप थांबलं. त्याच सुमारास केंद्राच्या ‘भारतनेट’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्यातल्या ५,९८७ ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचं काम ‘चिप्स’कडे आलं. फायबर पंचायतीपर्यंत येणार होतं. शाळा तिथून किती पावलांवर आहे आणि मधली वायर कोण ओढणार, हा हिशेब वेगळा राहिला. फेब्रुवारी २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना ‘भारतनेट’मधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली, ती याच उरलेल्या अंतरासाठी.

प्रत्येक योजनेने एक वस्तू दिली: आधी संगणक, मग फोन, मग फायबर. वर्गातल्या शिक्षकाने त्याचं काय करायचं, याला प्रत्येक वेळी ‘पुढचा टप्पा’ म्हटलं गेलं.

मुंबईहून आलेला सर्व्हर

याला एक ठळक अपवाद आहे, आणि त्याचं मूळ मुंबईत आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, आणि अमेरिकेतलं एमआयटी यांनी टाटा ट्रस्ट्सच्या पैशावर २०१५च्या सुमारास ‘कनेक्टेड लर्निंग इनिशिएटिव्ह’, थोडक्यात ‘क्लिक्स’, सुरू केलं. छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगण या चार राज्यांतल्या सरकारी हायस्कुलांत हे काम झालं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनी त्यासाठीचं ‘जी-स्टुडिओ’ हे मुक्त सॉफ्टवेअर घडवलं.

‘क्लिक्स’ने सुरुवातच ग्रामीण शाळेत भरवशाचं इंटरनेट नसणार, हे धरून केली. सगळे धडे, खेळ आणि चाचण्या शाळेतल्याच एका छोट्या सर्व्हरवर ठेवल्या. प्रयोगशाळेतले संगणक त्याला स्थानिक जाळ्याने जोडले. बाहेरची जोडणी असली तर उत्तम, नसली तरी तास थांबत नाही. संगणक कमी आणि मुलं जास्त, म्हणून दोघातिघांनी एकाच यंत्रावर आपापल्या नावाने एकत्र लॉगिन करण्याची सोय केली. यंत्रांची टंचाई गटात बोलत शिकण्याच्या कामी आली.

मजकूरही पाठ्यपुस्तकाची पानं पडद्यावर चढवून केलेला नव्हता. भूमितीत ‘पोलीस क्वाड’ नावाचा खेळ आहे. त्यात चोर म्हणजे एक चौकोन. ‘समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत का?’ असे प्रश्न विचारत मुलांनी तो पकडायचा. आयत आणि समांतरभुज चौकोन यांतला फरक पाठ करण्याऐवजी मुलं त्यावर भांडायला लागतात. शिक्षकांसाठी टिसने अध्यापनात तंत्रज्ञान विचारपूर्वक वापरण्याचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवला. २०१७च्या युनेस्कोच्या किंग हमाद पुरस्काराचा मान ‘क्लिक्स’ला मिळाला.

अडचणी नेहमीच्याच होत्या. विजेचा लपंडाव, धूळ खात पडलेली यंत्रं आणि वेळापत्रकात संगणकाला न मिळणारा तास. पैकी शेवटची अडचण वायरने सुटणारी नाही. मुख्याध्यापकाने गणिताच्या आठवड्यातल्या तासांपैकी दोन प्रयोगशाळेत लावले तरच ती सुटते.

बंद शाळा, चालू मोबाइल

७ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दुसऱ्याच आठवड्यात, मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी ‘पढ़ई तुंहर दुआर’ हे संकेतस्थळ सुरू केलं. राष्ट्रीय सूचना केंद्राच्या मदतीने ते उभारलं होतं. व्हिडिओ, पुस्तकं, गृहपाठ आणि थेट ऑनलाइन वर्ग असा त्यावर सगळा सरंजाम होता. रायपूर, दुर्ग, बिलासपूर या शहरांत तो चालला. मैनपाटच्या पठारावर किंवा बस्तरच्या जंगलात नेटवर्कच नव्हतं, तिथे अडला.

नवल वाटावं ते यानंतरच्या चपळाईचं. त्याच यंत्रणेने काही महिन्यांत इंटरनेटविना चालणारे मार्ग काढले. गुरुजी आणि बहिनजी पाऱ्यापाऱ्यात, म्हणजे वस्तीवस्तीत, जाऊन झाडाखाली वर्ग घेऊ लागले, काही गावांत लाउडस्पीकरवरून धडे सुरू झाले. ‘बुलटू के बोल’ या उपक्रमात ध्वनिफिती ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर जात. आठवडी बाजाराला आलेल्या पालकाच्या साध्या फोनमध्ये धडा भरायचा आणि तो घरी पोचवायचा. ही वाट छत्तीसगडला नवखी नव्हती. शुभ्रांशु चौधरी यांच्या ‘सीजीनेट स्वर’ने २०१०पासून साध्या फोनवर बोललेल्या बातम्यांचं जाळं विणलं होतं, आणि पुढे ‘बुलटू रेडिओ’ने ते आवाज ब्लूटूथवरून गावोगाव नेले होते.

‘क्लिक्स’चा सर्व्हर आणि ‘बुलटू’ची ध्वनिफीत यांचं तत्त्व एकच आहे. जोडणी महाग आणि बेभरवशाची असेल तर ती एकदा वापरावी आणि आणलेला माल अनेकांनी वाटून घ्यावा. आज फायबर आलेल्या शाळेलाही हे लागू पडतं. चाळीस मुलांनी एकाच वेळी एकेक व्हिडिओ उघडला आणि प्रत्येकाला एक ते दीड एमबीपीएस लागला, तर चाळीस ते साठ एमबीपीएसची अखंड जोडणी हवी. तोच व्हिडिओ आदल्या संध्याकाळी एकदा उतरवून शाळेतल्या संगणकावर ठेवला, तर अगदी किरकोळ जोडणीही पुरते. उरलेला वेग उत्तरं शोधायला आणि नकाशे पाहायला मोकळा राहतो.

शाळेचं नेट की कार्यालयाचं?

गावात हातपंप बसवताना तो बिघडल्यावर कोणाला बोलवायचं हे ठरलेलं असतं. शाळेच्या राउटरचं तसं नसतं. समग्र शिक्षा अभियानात संगणक प्रयोगशाळेसाठी एकरकमी ६.४० लाख रुपयांपर्यंत आणि पुढे पाच वर्षं दरसाल २.४० लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. सहाव्या वर्षी बॅटऱ्या बसतात, कंत्राट संपतं आणि खोलीला कुलूप लागतं. महाराष्ट्राने हे पुरतं अनुभवलं आहे. आयसीटी योजनेच्या तीन टप्प्यांत ५००, २,५०० आणि ५,००० अशा एकूण आठ हजार शाळांत प्रयोगशाळा आल्या, सोबत कंत्राटी संगणक शिक्षक आले. कंत्राटाची मुदत संपली तशी ही माणसं आंदोलनात उतरली. यंत्रं शाळेतच राहिली, ती चालवणारा मात्र राहिला नाही.

दुसरी अडचण आतली आहे. शाळेत आलेली जोडणी पहिल्यांदा कार्यालय गिळतं. महाराष्ट्रात ‘सरल’, ‘शालार्थ’, यू-डायस आणि पोषण आहाराची रोजची नोंद. छत्तीसगडातही नावं वेगळी, काम तेच. शिक्षकाच्या मनात ‘ऑनलाइन’ म्हणजे वरून मागितलेली माहिती असं समीकरण बसलं की वर्गासाठी नेट उघडण्याचा उत्साह कुठून येणार?

केरळने यांतली पहिली गाठ वेगळ्या रीतीने सोडवली. २००१पासून चालणारा ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प २०१७मध्ये ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाला. यंत्रं, जोडणी, मुक्त सॉफ्टवेअर, प्रशिक्षण आणि दुरुस्ती या सगळ्यांचा जाब एकाच संस्थेला. शाळेतल्याच एका शिक्षकाकडे आयटी समन्वयकाचं पद. २०१८पासून ‘लिटल काइट्स’ गटांतली मुलं उपकरणांची देखभाल शिकतात. ४,७५२ शाळांतल्या ४५,००० वर्गखोल्या ‘हाय-टेक’ झाल्या, त्यामागे ही माणसांची उतरंड आहे.

आपल्याकडे एकट्या शिक्षकाची हिंमत कमी नाही. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा संदीप गुंड यांनी डिजिटल केली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि डिसेंबर २०२०मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळवला. पण शिक्षकाची बदली होते आणि प्रयोग त्याच्याबरोबर जातो. कर्जत तालुक्यातल्या खैरात धनगरवाड्यावर २००७मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला, तोही नमुन्यापुरताच राहिला. एकेका शाळेच्या कर्तबगारीचं रूपांतर व्यवस्थेत करणं, हेच अवघड काम आहे.

कुंपण किती उंच?

पालकांची भीती वेगळीच असते: मुलं नको ते बघतील. ती निराधार नाही. ‘असर २०२४’च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यम वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट करणं ६२ टक्क्यांना येत होतं, प्रोफाइल खाजगी ठेवणं ५५.२ टक्क्यांना.

सीबीएसईने ऑगस्ट २०१७मध्ये शाळांना फायरवॉल आणि फिल्टर बसवायला सांगितलं. फिल्टर हवाच. राउटरवर अश्लील आणि जुगारी संकेतस्थळं अडवणारी नाव-सेवा (डीएनएस) बसवणं फुकट आणि दहा मिनिटांचं काम आहे. मुलांसाठी आणि कार्यालयासाठी वेगवेगळे वाय-फाय, मुलांचं जाळं शाळेच्या वेळेतच चालू आणि पासवर्ड दर सत्राला नवा, एवढ्याने बराचसा बंदोबस्त होतो. मात्र हे कुंपण शाळेच्या दारापर्यंतच. घरी वडिलांचा फोन हाती आला की ते संपतं. म्हणून पासवर्ड बदलणं, अनोळखी माणसाला अडवणं आणि दिसलेली बातमी पडताळणं हे धडे शाळेच्या जोडणीवरच शिक्षकाच्या देखत गिरवायला हवेत.

धोका मुलांकडून जितका तितकाच मोठ्यांच्या निष्काळजीपणातून. सरकारच्या ‘दीक्षा’ मंचावरची सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची आणि दहा लाख शिक्षकांची माहिती असुरक्षित क्लाउड सर्व्हरवर उघडी पडल्याचं ‘वायर्ड’ने जानेवारी २०२३मध्ये दाखवून दिलं. त्याच वर्षीच्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली. फुकट मिळणारं प्रत्येक अ‍ॅप वर्गात आणण्याआधी ते मुलांबद्दल काय काय साठवतं, हे विचारणं आता शाळेचं काम झालं आहे.

शिक्षक मधे हवाच

सुगत मित्र यांनी १९९९मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला आणि मुलं आपली आपण शिकतात असं मांडलं. २०१३च्या टेड पुरस्कारातून उभ्या राहिलेल्या त्यांच्या ‘स्कूल इन द क्लाउड’ केंद्रांपैकी एक फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेत होतं. मोठा प्रश्न, चारपाच मुलं आणि एक संगणक ही पद्धत घ्यावी अशीच आहे. पण ज्या शाळेत मुलांना वाचायला आणि विचारायला आधीपासून शिकवलेलं असतं, तिथेच ती फुलते. तिथवर मुलांना आणतो तो शिक्षकच.

तेव्हा रायपूरची सरकारी शाळा असो की लातूरची जिल्हा परिषदेची, नवी जोडणी आली की शिक्षणहक्क कायद्याने नेमून दिलेल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच बैठकीत चार गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात. राउटरची जबाबदारी असलेल्या शिक्षकाचं नाव आणि त्या बदल्यात त्याचं कमी केलेलं दुसरं काम. पाच वर्षांनंतरच्या बिलाची सोय. प्रत्येक वर्गाला आठवड्यात मिळणारे तास, विषयासकट. आणि महिन्यातून एकदा मुलांनीच सांगायचं, या जोडणीवर आम्ही काय शोधलं. या चार ओळी भरता आल्या तर यू-डायसच्या रकान्यातलं ‘होय’ खरं मानावं. न आल्या तर फायबर कितीही वेगवान असो, ती शाळा अजून जोडलेली नाही असंच समजावं आणि तसंच नोंदवावं.