तांबेऱ्याचा प्रवास

गव्हाच्या शेतातून चालत असता कधीकधी आपल्या कपड्यांना विटकरी रंगाची पूड लागते. ही पूड म्हणजे तांबेरा रोगाचे बीजाणू होत. एकेकटा बीजाणू नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. परंतु दाणे भरण्यापूर्वीच या रोगाने पिकास घेरले, तर दाणे सुरकुततात आणि शेतकऱ्याचे हंगामभराचे कष्ट वाया जातात. सन १९४६-४७ मध्ये मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने असाच हाहाकार उडविला होता.

मैदानी प्रदेशातील कडक उन्हाळ्यात हे बीजाणू तग धरू शकत नाहीत. मग पुढील हिवाळ्यात रोग पुन्हा येतो तरी कोठून? आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी या प्रश्नाच्या शोधात अनेक वर्षे वेचली. उत्तरेस हिमालयात आणि दक्षिणेस निलगिरी व पळणी या डोंगरांत हवा थंड असते. तेथील गव्हावर हा रोग उन्हाळ्यातही टिकून राहतो व वाऱ्याबरोबर मैदानात उतरतो, असे त्यांनी दाखवून दिले.

मुलांनो, या शोधाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. निलगिरी पर्वत तमिळनाडूत आहे. तेथून निघालेला तांबेरा कर्नाटक, महाराष्ट्र, मध्य प्रदेश अशी राज्ये ओलांडीत जातो. आपली कृषी विद्यापीठे मात्र राज्याराज्यांची आहेत. पहिले विद्यापीठ सन १९६० मध्ये पंतनगर येथे निघाले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे अशी विद्यापीठे आहेत. प्रत्येकाने आपल्या सीमेपुरतेच पाहिले, तर वाऱ्यावर येणाऱ्या शत्रूस कोण अडविणार?

या अडचणीवर समन्वित संशोधनाची पद्धत उपयोगी पडते. तिचा आरंभ सन १९५७ मध्ये मक्याच्या पिकापासून झाला व सन १९६५ मध्ये गव्हासाठीही अशी योजना सुरू झाली. देशाचे हवामानानुसार विभाग पाडण्यात आले. महाराष्ट्र व कर्नाटक एकाच विभागात येतात. म्हणून निफाड आणि धारवाड येथे तेच नवे वाण, त्याच रीतीने पेरले जातात. वाणांना नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतात. त्यामुळे कोणता वाण आपला आणि कोणता परक्याचा, हे पेरणाऱ्यास कळत नाही व निर्णय निःपक्षपाती होतो. रोगट पाने तपासणीसाठी सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्राकडे व आपल्या महाबळेश्वरकडे पाठविली जातात. निलगिरीतील वेलिंग्टन येथे तर रोगाच्या माहेरघरीच नव्या वाणांची परीक्षा घेतली जाते.

वर्षातून एकदा सर्व शास्त्रज्ञ एकत्र जमून आपापले निष्कर्ष मांडतात. आपल्या वाणापेक्षा शेजारच्या राज्याचा वाण सरस ठरला, तर तो मोकळ्या मनाने स्वीकारावा लागतो. हे सोपे नाही. अनेक वर्षे खपून तयार केलेला वाण बाजूस ठेवताना कोणालाही वाईट वाटणारच. तथापि, ज्याच्या शेतात तो पेरावयाचा, त्या शेतकऱ्यास वाण कोणत्या राज्यात जन्मला याच्याशी कर्तव्य नसते. पीक हाती यावे, एवढीच त्याची इच्छा असते.

निफाडच्या शेतातील ओंबी निरोगी राहावी म्हणून निलगिरीवरील गव्हाकडे लक्ष ठेवावे लागते. तेव्हा तेथे राबणारी माणसेही आपल्या शेताचीच राखण करीत असतात, हे आपण विसरता कामा नये.