ट्रेनर जेट दोन देश मिळून बनवतात, म्हणजे नक्की काय?

आपल्या श्रीरामपूरहून शिर्डी, सिन्नर करत नाशिक गाठलं की पुढे ओझर लागतं. तिथला एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. डिझाइन सोव्हिएत रशियाचं, बांधणी आपली. पण असं फायटर उडवण्याआधी पायलट शिकतो कशावर? ट्रेनर जेटवर. आजचा विषय तोच.

लुना शिकलेल्या पोराच्या हातात थेट स्पोर्ट्स बाइक दिली तर काय होईल? आपल्याकडे बरीच वर्षं तसंच चाललं होतं. संथ 'किरण'वर शिकायचं आणि मग ताशी ३०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने उतरणाऱ्या मिग-२१ मध्ये बसायचं. मधली पायरी हवी, असं ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच सांगितलं होतं. २००१ मध्ये मिग-२१ च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी हवाई सुरक्षेचा प्रश्न देशभर लावून धरला. ब्रिटनच्या बीएईशी 'हॉक'चा करार झाला तो २००४ मध्ये. म्हणजे शिफारशीनंतर २२ वर्षांनी!

करार ६६ विमानांचा होता. २४ ब्रिटनमध्ये बनणार, ४२ बंगळुरूच्या एचएएलमध्ये. २००८ मध्ये हॉक बिदरला दाखल झालं. त्याचं 'अडूर' इंजिन तर रोल्स-रॉइस आणि फ्रान्सची टर्बोमेका यांनी मिळून केलेलं. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, लायब्ररीच्या आत अजून एक लायब्ररी.

आता खरी गंमत बघा. लायसन्सवर विमान बनवता येतं, पण परस्पर तिसऱ्या देशाला विकता येत नाही. मूळ मालकाला सोबत घ्यावंच लागतं. म्हणून २०१५ मध्ये एचएएल आणि बीएईने शस्त्रसज्ज हॉक मिळून करायचं आणि बाहेरही विकायचं, असा समझोता केला.

मग डिझाइन आपलंच असेल तर? 'सितारा' तसंच होतं. मार्च २००३ मध्ये ते फ्रेंच लार्झॅक इंजिनवर उडालं, नंतर रशियन एएल-५५आय बसवलं. इंजिन बदललं की वजन, तोल, चाचण्या, सगळं पुन्हा तपासावं लागतं. त्यात गिरकीतून सावरण्याची अडचणही निघाली. २० वर्षं उलटली तरी ते हवाई दलात आलं नाही. २०२५ मध्ये त्याला 'यशस' हे नवं नाव मिळालं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओझरला एचटीटी-४० ची लाइन सुरू झाली. हे पंख्याचं, अगदी पहिल्या पायरीचं ट्रेनर. डिझाइन एचएएलचं, इंजिन मात्र अमेरिकेच्या हनीवेलचं.

परक्याचं इंजिन घेण्यात कमीपणा नाही, जगभर असंच चालतं. फक्त पुढच्या वेळी 'भारत विमानं निर्यात करणार' अशी बातमी मोबाइलवर आली की तीन प्रश्न विचारा: डिझाइन कोणाचं? इंजिन कोणाचं? आणि विकायला परवानगी कोणाची लागते? पायलटला विमान वेळेवर मिळणार की नाही, तेही ह्याच उत्तरांवर ठरतं.

चला, भेटू पुढच्या भागात!