कासवाच्या पेटींतले पाहुणे

इंग्लंडांतील आमच्या बिऱ्हाडीं दोन वर्षांपासून एक कासव आहे. (भारतांतील वाचकांनीं यावरून मोहांत पडूं नये, तिकडचें स्टार कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें संरक्षित असून तें घरीं बाळगणें गुन्हा आहे.) आमचें कासव भूमध्यसमुद्राकांठच्या हर्मन जातीचें, वीतभर लांबीचें आणि जेवणाच्या वेळेचें अगदीं पक्कें.

गेल्या जून महिन्यांत त्याच्या लांकडी पेटींतील माती हालविली, तों तिळाहूनहि बारीक असे शेंकडों पांढरे किडे उडूं लागले. सासूबाई देवघरांतून ओरडल्या, "अगो, घरभर होतील मेले! ती फवारणी आण आधीं." डबा हातांत घेतलाहि होता, परंतु त्यावरील बारीक अक्षरें वाचलीं आणि हात आखडला. किड्यांस मारणारें विष त्याच मातींत तोंड घालून चरणाऱ्या जीवासहि बाधावयाचेंच. डांबराच्या गोळ्यांचेंहि तेंच.

मग भिंग काढलें. डिवचतांच उडी घेणारा, पोटाखालीं दुमडलेल्या दुभंगी शेपटीचा, तो स्प्रिंगटेल. बुरशी व कुजका पाला हें त्याचें अन्न. कासवाला तो चावत नाहीं, उलट पेटी झाडून देतो. काकडीच्या शिळ्या फोडीवर आठ पायांचे माइट संथपणें सरकत होते. त्यांनाहि फोडीशींच कर्तव्य. रक्त पिणारी गोचीड मात्र निराळी. ती मानेच्या वा पायाच्या मऊ कातडीला चिकटून बसते. ती दिसल्यास पशुवैद्य गांठावा.

उपाय साधा निघाला: उरलेला पाला संध्याकाळीं काढणें, पाण्याच्या भांड्याखालची चिकट माती बदलणें, पेटींत वारा खेळूं देणें. माती ठणठणीत वाळवूं मात्र नये, कारण कोरड्या हवेंत वाढणाऱ्या पिलाची पाठ उंचसखल होते.

या पांढऱ्या पाहुण्यांमागें लागून आमचें खऱ्या शत्रूकडे दुर्लक्ष झालें. आठवड्यानें कासव अंगणांत ऊन खात असतां त्याच्या शेपटीजवळच्या ओरखड्यावर हिरवी माशी बसलेली सासूबाईंनाच दिसली. जखमेंत तांदळाच्या कणीसारखीं अंडीं! उन्हाळ्यांत त्यांतून एका दिवसाच्या आंतहि अळ्या निघतात व मांस पोखरूं लागतात. आम्ही तसेच टोपलींत घालून पशुवैद्याकडे धांवलों. त्यांनीं एकेक अंडें चिमट्यानें वेंचून जखम धुतली आणि ती भरेपर्यंत कासव घरांत, माशीपासून दूर, कोऱ्या कागदावर ठेवावयास सांगितलें.

जखम भरली. पण अजूनहि सासूबाई सकाळीं चष्मा लावून आधीं त्याची शेपटी पाहतात, मग चहाला बसतात.