मिसळणाचा डबा आणि औषधाची चिठ्ठी

सायंकाळी भेटीच्या वेळेस कल्याण-डोंबिवलीहून लोकलने ठाण्यास येणाऱ्या नातेवाइकांच्या पिशवीत जेवणाच्या डब्याबरोबर एक थर्मास हमखास असतो. कुणाकडे तुळस-आल्याचा काढा, तर कुणाकडे हळदीचे दूध. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वैद्यकाचा अधिकार सांगत नाही; आपल्या डॉक्टरांना विचारून जे समजले, तेवढेच येथे नमूद करीत आहे.

घरच्या मसाल्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल मांडले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. मात्र त्यातून हळदीचा हा उपयोग जुना असल्याचे सिद्ध झाले. ती सर्व रोगांवर गुणकारी असल्याचे नव्हे. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास असते व त्यातीलही फार थोडे रक्तात उतरते. मिरीमुळे हे शोषण वाढते खरे. परंतु फिट्सवरील फेनिटॉइनसारख्या औषधाचे रक्तातील प्रमाणही मिरीतील पिपेरीनमुळे वाढू शकते.

आल्याने मळमळ कमी होते, यास चांगला आधार आहे. लवंगेतील युजेनॉल तर दंतवैद्य आजही वापरतात.

काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. मेथ्यांच्या भरवशावर मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करणारे रुग्ण आढळतात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी हळदीच्या वा लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृतास इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. आमटीतील चिमूट वेगळी आणि बाटलीतील अर्क वेगळा.

चहाचे उदाहरण तर घरोघरचे. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या एका भगिनी महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या नियमित घेत होत्या, तरी हिमोग्लोबिन वाढेना. चौकशीअंती कळले, की गोळी रोज सकाळच्या चहाबरोबर घेतली जात असे. चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते व ते शरीरात पुरेसे शोषले जात नाही; त्यात गवती चहा वा आले घातले, तरी चहापत्ती तीच. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेऊन चहा दोन तासांनी घेण्यास सांगितल्यावर पुढील तपासणीत फरक दिसला. देणगीदारांच्या निधीतील गोळ्या इतके दिवस चहात बुडाल्या, हे हिशेब ठेवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या मनाला लागले.

त्यानंतर केसपेपरवर ‘घरी आणखी काय घेता?’ असा एक रकाना वाढविला आहे. थर्मासमध्ये काय आहे, ते तेथे निःसंकोच लिहावे. कुणी रागावणार नाही.