कापलेला कर परत मागा, तोही बंदी उठायच्या आत



बोटी वर ओढल्या, जाळी दुरुस्तीला घेतली. १ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. या दिवसांत आणखी एक काम उरकून घ्या. पगारदारांनी आयकराचं रिटर्न भरायची मुदतही ३१ जुलैलाच संपते. आपल्या घरांतली कितीतरी मुलं आज जहाजावर, बंदरात, कंपनीत नोकरीला आहेत. त्यांच्या पगारातून कर कापला गेला असेल, तर हे वाचाच.

विषय निघाला तो कॅसलरॉकमुळे. आमच्या एका सभासदाचे जावई तिथले. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या भारतीय मालवाहू जहाजावर इंजिन खात्यात नोकरी, महिन्याला दीड लाख पगार. गेल्या वर्षी एप्रिल ते जुलै काम केलं. मग वडील आजारी पडले, नोकरी सोडून घरी आले. पाच महिने पगार नाही. जानेवारीत दुसऱ्या कंपनीत लागले. पहिल्या चार महिन्यांत पन्नास हजारांच्या वर कर कापला गेला होता. सासरे सोसायटीत येऊन म्हणाले, "सरकारात गेलेला पैसा कधी परत येतो काय? गेले ते गेले."

आम्ही म्हटलं, "काका, कागद तरी आणा."

कागद बघितल्यावर सगळं कळलं. पहिल्या कंपनीने वर्षभर नोकरी चालणार असं धरून हिशेब केला होता. दीड लाख गुणिले बारा, म्हणजे १८ लाख. त्यातून ७५,००० ची ठरावीक वजावट गेली, उरले १७ लाख २५ हजार. नव्या कररचनेत त्यावर सेससह कर होतो १,५०,८००. म्हणून महिन्याला १२,५६६ रुपये कापले. यात कंपनीची चूक नाही.

पण प्रत्यक्ष पगार मिळाला सातच महिने. कमाई १० लाख ५० हजार, वजावट जाऊन ९ लाख ७५ हजार. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र पगारावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे कापलेले सगळे पन्नास हजार त्यांचेच!

गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा कॅसलरॉक हे हद्दीवरचं स्टेशन होतं. तिथे उतारूंचं सामान उघडून बघत, जकात घेत. नाक्यावर दिलेली जकात गेली ती गेली. टीडीएसचं तसं नाही. कपात दर महिन्याच्या पगारातून होते, पण कर ठरतो तो अख्ख्या वर्षाच्या कमाईवर. जास्त कापलेलं परत मिळतं. मात्र आपण होऊन मागावं लागतं आणि मागायचा रस्ता एकच, रिटर्न भरणं.

काय करायचं ते असं:

१. दोन्ही कंपन्यांकडून फॉर्म १६ घ्या. तो १५ जूनपर्यंत मिळायला हवा.

२. आयकराच्या पोर्टलवर फॉर्म २६एएस बघा. कापलेला कर तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का ते तपासा. दिसत नसेल तर आधी त्या कंपनीला विचारा.

३. दोन्ही पगार दाखवा. ७५,००० ची वजावट दोन्ही फॉर्म १६ मध्ये दिसेल, पण ती एकदाच मिळते. इथे बरेच जण फसतात.

४. पॅन आधारला जोडलेलं हवं आणि बँक खातं पोर्टलवर पडताळलेलं हवं. नाहीतर रिफंड अडकतो.

५. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा. ती केली नाही तर रिटर्न भरलं असं धरतच नाहीत.

वेळेत भरलं तर अशा रिफंडवर १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याजही मिळतं. ३१ जुलै चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण ५,००० पर्यंत विलंब शुल्क पडतं.

बोटमालकांनो, तुम्हीही लक्ष द्या. बंदीच्या दिवसांत बोट किंवा गाडी एखाद्या कंपनीला भाड्याने दिली असेल, तर त्या पैशातूनही टीडीएस कापला गेलेला असू शकतो. पॅन दिलं नसेल तर कपात थेट २० टक्क्यांपर्यंत जाते. मात्र तुमचं रिटर्न वेगळ्या फॉर्मवर असतं. आणि दर्यातली मासळी हे आयकरात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. परदेशी जहाजांवर वर्षातला बराच काळ काढणाऱ्यांचे नियमही वेगळे आहेत. त्यांनी जाणकाराला विचारूनच भरावं.

आणि एक सांगणं. "मोठा रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के आमचे" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खोट्या देणग्या, खोटं घरभाडं दाखवून रिफंड काढणाऱ्यांवर आयकर खात्याने जुलै २०२५ मध्ये देशभर कारवाई केली. एजंट निघून जातो, नोटीस तुमच्या दारात येते. रिफंडच्या नावाने आलेल्या लिंकवर बोट लावू नका, ओटीपी कुणालाही सांगू नका.

जावयांचं रिटर्न आम्ही सोसायटीत बसूनच भरलं. सगळा मिळून तासाभराचा खेळ. काका जाताना म्हणाले, "एवढ्यात माझ्या दोन फेऱ्यांचं डिझेल सुटलं असतं की!"

तुमच्या घरात कुणी वर्षाच्या मधे नोकरी सोडली असेल, परत लागलं असेल, तर दोन्ही फॉर्म १६, पॅन, आधार आणि पासबुक घेऊन सोसायटीत या. १ ऑगस्टला बोटी दर्यात गेल्या की मग कुणाला वेळ असणार?