*शेवंती सल्ला : काश्या काढण्याआधी हे वाचा*



शेवंतीचा बहार संपला. आता काश्या काढायच्या आणि एप्रिल-मेमध्ये लागवड. बरेच सभासद विचारतात, "पानावर फिकट चट्टे आहेत, शिरा पांढरट पडल्यात, कोणतं औषध मारू?"

हा त्रास विषाणूचा असेल तर कोणतंच औषध लागू पडत नाही. बुरशीनाशकाचा खर्च वाया जातो.

*विषाणू कोणता?*
शेवंतीवर जगभर आढळणारा एक विषाणू म्हणजे 'क्रिसॅन्थेमम व्हायरस बी'. आपल्या देशातही तो आहे. मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. पण लांबचा प्रवास तो करतो काश्यांतून आणि कटिंगमधून. मातृझाड रोगट असेल तर त्याची रोपंही रोगटच निघतात. काही वाणांत तर लक्षणंच दिसत नाहीत. झाड हिरवंगार, आणि विषाणू आत.

*मग ओळखायचा कसा?*
गावात एकाच नावाचे दोघे असले की आपण सातबाऱ्यावरचा गट नंबर बघतो. विषाणूचंही तसंच. त्याची सगळी माहिती सुमारे ९,००० अक्षरांच्या एका धाग्यात असते. अक्षरं चारच : ए, यू, जी, सी. ती कोणत्या क्रमाने आली आहेत हे शास्त्रज्ञांनी पूर्ण वाचून काढलंय. यालाच जनुकीय क्रम म्हणतात. लोहाच्या कमतरतेनेही पान पिवळं पडतं, पण अक्षरांचा हा क्रम फक्त या विषाणूतच सापडतो.

*शेतकऱ्याला उपयोग काय?*
क्रम कळला म्हणून तपासणी बनवता आली. कोरोनात नाकातून नमुना घेऊन आरटी-पीसीआर करत होते ना, तीच पद्धत पानावर चालते. हिमाचलमधील पालमपूरच्या हिमालय जैवसंपदा संस्थेतील शास्त्रज्ञांनी भारतातल्या नमुन्यांचं आवरणाचं जनुक वाचलं, तेव्हा नमुन्या-नमुन्यांत फरक निघाला. म्हणून तपासणी करताना सगळ्या नमुन्यांत सारखा राहणारा भाग धरावा लागतो, नाहीतर रोग असून अहवाल 'नाही' येतो.

*आता काय करायचं?*
१) चट्टे असलेली, खुजी, लहान फुलांची झाडं मुळासकट उपटून जाळा. त्यांच्या काश्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका.
२) मातृझाडं वेगळी निवडा, खूण करा. त्यांचीच तपासणी करायची आहे, सगळ्या प्लॉटची नाही.
३) तपासणीसाठी कोवळी पानं सकाळी तोडा, पिशवीत थंड ठेवा. उन्हात राहिली तर नमुना बिघडतो. नमुना नेण्याआधी कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाला फोन करून सोय आणि दर विचारा.
४) मावा सोंड खुपसताच काही क्षणांत विषाणू सोडतो. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून फवारणीवर भिस्त नको. पिवळे चिकट सापळे लावा, बांधावरचं तण काढा.
५) कात्री-विळा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत नेताना साबणाच्या पाण्याने धुवा.
६) बाहेरून रोपं घेताना मातृझाडं तपासलीत का, हे विचारा. अहवाल मागायला लाजू नका.

एका रोगट मातृझाडाच्या दहा काश्या लावल्या, तर दसरा-दिवाळीला दहा झाडांचा माल हलका निघतो. निवड आत्ताच करा.

ज्यांना मातृझाडांची तपासणी करायची आहे त्यांनी *'शेवंती'* असं लिहून या मेसेजला उत्तर द्या. एकत्र नमुने नेऊ, म्हणजे खर्चही वाटून जाईल.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी