केडगावची आग आणि रमाबाईंची कसोटी

पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनात जून १९०५ अखेर संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृतीची लाट, सुरू झालं. मुली ढसाढसा रडत, पापं कबूल करत, अंगात आग पेटल्याचं सांगत. पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात मानल्या जाणाऱ्या लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभा पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाल्या. म्हणजे केडगाव आधीचं. पेंटेकॉस्टल इतिहास सांगताना हे बरेचदा गळतं. १९०६ च्या अखेरीस मुक्तीतही काहीजणी न शिकलेल्या भाषांत ('अन्यभाषांत') प्रार्थना करू लागल्या.

'हा निव्वळ उन्माद', अशी टीका झाली. मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाईंनी मुलींना दडपलं नाही. भारतीयांनी पाश्चात्त्य शिस्तीतच भक्ती करावी, हे त्यांना पटत नव्हतं. पण १९०७ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं, की अन्यभाषा हे पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचं एक चिन्ह आहे, एकमेव नव्हे. खरी खूण प्रेमाची.

बायबलमधला प्रेषित पौलाचा नियम तर याहून कडक (१ करिंथकरांस, अध्याय १४). अन्यभाषेत दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावं. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावं. संदेष्ट्यांचं बोलणं इतरांनी पारखावं. आज आजाऱ्यांसाठी प्रार्थना होणाऱ्या आरोग्यसभेतही ही पारख साध्या प्रश्नांनी करता येते. औषध बंद करायला सांगतात का? दानाचा हिशेब कोण पाहतं? पाळकाला 'हे चुकलं' म्हणायची सोय आहे का?